पेण-रोह्याच्या रस्त्याला किती सीसी पुरतात?

पेणहून वडखळ, नागोठणे, भिसे खिंड असं करत रोह्याला, किंवा रोह्याला लागून असलेल्या धाटावच्या एमआयडीसीत रोज कामाला जाणाऱ्या माणसाला एका वेळेला चाळीसेक किलोमीटर पडतात. एवढ्या वाटेत रस्त्याचे बहुतेक सगळे प्रकार भेटतात. पेणच्या बाजारपेठेतली गर्दी, मग मुंबई-गोवा महामार्गाचा काँक्रीटचा पट्टा, वडखळजवळ डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे ये-जा करणारे लांबलचक ट्रेलर, नागोठण्याला महामार्ग सोडल्यावर लागणारा अरुंद रस्ता आणि खिंडीतली वळणं. या वाटेवर रोज चालवायला थोडी दमदार मोटरसायकल घ्यावी, असं ठरवून जो शोरूमचे उंबरे झिजवतो, त्याच्यासमोर आज नेकेड बाइकची मोठी रांग असते. नेकेड म्हणजे पुढे-बाजूला प्लास्टिकचं आवरण नसलेली, इंजिन उघडं दिसणारी, सरळ पाठीनं बसता येणारी गाडी. दोन-अडीच लाखांपासून सात-आठ लाखांपर्यंतच्या या गाड्यांना सरसकट ‘मिडलवेट’ म्हटलं जातं, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. माझं मत स्पष्ट आहे. पेण-रोह्याच्या रोजच्या वापराला 400 सीसीच्या आसपासची, पावणेदोनशे किलोची गाडी पुरून उरते. 650 सीसी आणि त्यापुढच्या गाडीवर जो जास्तीचा पैसा जातो, त्याचा मोबदला हा रस्ता देत नाही. असं का म्हणतो, ते आकड्यांनिशी मांडतो.

आधी वेगाचं बघू. केंद्र सरकारने 2018 साली ठरवलेल्या कमाल मर्यादेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलला ताशी 80 किलोमीटर आणि इतर रस्त्यांवर 60 किलोमीटर एवढीच मुभा आहे. जिथे मोठं इंजिन मोकळं सोडावंसं वाटेल असे जवळचे दोन रस्ते, मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग आणि 2024 च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू, दुचाकींना बंदच आहेत. आता 80 चा वेग टिकवायला लागतं किती? सरळ बसलेला चालक, सपाट रस्ता आणि वारा पडलेला असं धरून हवेचा आणि टायरचा रोध मोजला, तर उत्तर सात-आठ अश्वशक्तीच्या आसपास येतं. म्हणजे 40 अश्वशक्तीची गाडीही त्या वेगाला आपल्या ताकदीचा पाचवा हिस्सा वापरत असते. 81 अश्वशक्तीची गाडी दहावा हिस्सा वापरते आणि उरलेल्या नऊ हिश्श्यांसाठी तुम्ही हप्ता भरत राहता.

यावर कोणी म्हणेल, मग सव्वाशे सीसीची गाडीच घ्या की, तिला अकरा अश्वशक्ती असतेच. हा प्रश्न रास्त आहे आणि पैशाच्या हिशेबात त्याला तोड नाही. रोज 80 किलोमीटर आणि महिन्याचे 25 दिवस धरले, तर महिन्याला 2,000 किलोमीटर होतात. सव्वाशेची गाडी लिटरला 55 देते असं धरलं तर 36 लिटर पेट्रोल लागतं, 400 ची गाडी 28 देते असं धरलं तर 71 लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला साडेतीन हजारांचा फरक पडतो. ज्याला हा फरक जड जाणार आहे त्याने पुढचं वाचून मोहात पडू नये, सव्वाशेचीच घ्यावी. पण फक्त ॲव्हरेजवर ठरवणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. ज्या गाडीकडे अकरा अश्वशक्ती आहे आणि 80 च्या वेगाला त्यातली सात-आठ खर्च होते आहे, तिच्याकडे ट्रेलरला ओलांडायला जवळजवळ काहीच शिल्लक नसतं. मागे बायको बसलेली, समोरून डंपर येतोय आणि गाडी ओरडते पण सरकत नाही, ही अवस्था धोक्याची आहे. मोठ्या इंजिनाची खरी गरज इथे आहे: 50 वरून 80 वर लवकर जाणं आणि पुन्हा आपल्या लेनमध्ये येणं. ही गरज भागली की त्यापुढची ताकद या वाटेवर निकामी.

ओलांडण्याच्या त्या काही सेकंदांत कमाल अश्वशक्तीपेक्षा मधल्या फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, जास्त कामाला येतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेली अश्वशक्ती इंजिन मिनिटाला आठ-साडेआठ हजार फेरे घेत असतानाची असते आणि रोजच्या वापरात तिथवर क्वचितच कोणी जातं. ट्रायम्फ स्पीड 400 (398 सीसी, 40 पीएस, म्हणजे अश्वशक्ती) आपला 37.5 न्यूटन-मीटरचा टॉर्क 6,500 फेऱ्यांना देते. बजाज पल्सर एनएस400झेड 2024 साली आली तेव्हा 373 सीसी, 40 पीएस आणि 35 न्यूटन-मीटर अशी होती, फेरे तेच 6,500. केटीएम 390 ड्यूक 46 पीएसची, टॉर्क 39. रॉयल एनफिल्ड गुरिल्ला 450 ची अश्वशक्ती स्पीडएवढीच, पण 40 न्यूटन-मीटर 5,500 फेऱ्यांनाच मिळतात. नागोठण्याच्या पुढे चढावर डबलसीट असताना गिअर न पाडता खेचण्यात हा हजार फेऱ्यांचा फरक हाताला जाणवतो. आणि रॉयल एनफिल्डचीच इंटरसेप्टर 650 या निकषावर सगळ्यांच्या पुढे आहे: दोन सिलिंडर, 52 न्यूटन-मीटर, आणि त्यातला 80 टक्के टॉर्क 2,500 फेऱ्यांपासूनच हाताशी असतो, असं कंपनी सांगते. नुसत्या इंजिनावर निकाल द्यायचा असता तर मी इंटरसेप्टरच्या बाजूने दिला असता.

पण आपल्या रस्त्यावर इंजिनाइतकंच काम शॉकअपला पडतं. महामार्गाच्या माणगाव तालुक्यातल्या इंदापूरपर्यंतच्या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं आणि दशकाहून जास्त काळ रखडलं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. काँक्रीट झालं तिथेही सांधे, दोन लेनमधला उंचीचा फरक, पुलाच्या तोंडाशी बसणारा दणका, अचानक सेवारस्त्यावर उतरवणारे वळणमार्ग आहेतच. नागोठणे-रोहा रस्त्यावर पावसाळ्यानंतर काय होतं ते वेगळंच. शॉकअप किती खाली-वर जाऊ शकतो, त्याला ट्रॅव्हल म्हणतात, आणि हा आकडा शोरूममध्ये जवळपास कोणीच विचारत नाही. 390 ड्यूकला पुढे-मागे प्रत्येकी 150 मिलिमीटर आहे. स्पीड 400 ला पुढे 140 आणि मागे 130. गुरिल्लाला पुढे 140, मागे 150. इंटरसेप्टरला पुढे 110 आणि मागे फक्त 88. जो मागचा शॉकअप 88 मिलिमीटरच दबू शकतो आणि वर गाडीचंच वजन दोनशे किलोच्या पुढे आहे, त्याचा शेवट खड्ड्यात लवकर येतो. मग उरलेला दणका कंबर घेते, किंवा मागे बसलेली व्यक्ती. महिन्याला 2,000 किलोमीटर म्हणजे महिन्यातून पन्नास वेळा हा दणका खायचा. मोकळ्या रस्त्यावर रविवारी फिरायला निघणाऱ्यासाठी इंटरसेप्टरइतकी शांत, समाधानी गाडी या किमतीत मिळणार नाही. पण ती खुबी आणि आपली वाट यांचं जमत नाही.

महाग गाडी घेतली की हा प्रश्न सुटेल, असाही एक समज आहे. ट्रायम्फ ट्रायडेंट 660 भारतात 2021 च्या एप्रिलमध्ये 6 लाख 95 हजारांना आली: तीन सिलिंडर, 81 पीएस, 64 न्यूटन-मीटर. अतिशय सुंदर इंजिन, यात वाद नाही. तिचा पुढचा ट्रॅव्हल 120 मिलिमीटर. कावासाकी झेड650 ही तिची जुनी प्रतिस्पर्धी, 68 पीएस आणि तेवढाच 64 न्यूटन-मीटर टॉर्क. दोघी जगभर ज्यासाठी नावाजल्या जातात ते गुण गुळगुळीत डांबरावर, लांब वळणांवर आणि शंभरच्या पुढे खुलतात. इथे त्या तिसऱ्या गिअरमध्ये ट्रेलरच्या मागे अडकून राहतील. अडीच-तीनपट पैसे मोजून खड्ड्यातला दणका कमी होत नाही आणि खड्ड्यामुळे रिम वाकली तर तिचा खर्च मात्र गाडीच्या किमतीच्या प्रमाणात वाढतो.

वजनाचा मुद्दा गर्दीत कळतो. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस पेणमध्ये हमरापूर-जोह्याकडून मूर्ती भरून निघालेल्या टेम्पोंची रीघ असते, आणि चतुर्थीच्या तोंडावर मुंबईहून उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग तासन्‌तास तुंबतो. अशा वेळी गाडी चालवायची कमी आणि पायांनी ढकलायची जास्त. ड्यूक 168 किलोची, एनएस400झेड 174, स्पीड 400 पावणेदोनशेच्या थोडी वर, गुरिल्ला 185. इंटरसेप्टर टाकी भरल्यावर 215 च्या पुढे. चाळीस किलोचा फरक म्हणजे जवळजवळ एक सिमेंटचं पोतं. उतारावर, चिखलात, अंगणाच्या चढावर गाडी मागे घेताना ते पोतं रोज उचलावं लागतं. उंची कमी असणाऱ्याने गुरिल्लाची 780 मिलिमीटरची सीट जरूर बघावी. दोन्ही पाय पूर्ण टेकणं हा गर्दीत मोठा आधार असतो.

पंक्चरचं थोडक्यात. इंटरसेप्टरच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते. अलॉय चाकांचे ट्यूबलेस प्रकार 2023 मध्ये आले. रात्रपाळी सुटल्यावर खिंडीत ट्यूब फुटली तर चाक काढल्याशिवाय इलाज नाही. ट्यूबलेसला पट्टी घुसवून दहा मिनिटांत पुढे निघता येतं. इंटरसेप्टरच घ्यायचं ठरलं असेल तर निदान अलॉयवाली घ्या. पावसाचं मात्र थोडं विस्ताराने सांगायला हवं. रायगडात एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी पडतं. या सगळ्या गाड्यांना दोन्ही चाकांवर एबीएस आहे. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे निसरड्यावर मागचं चाक जागेवर फिरू लागलं तर इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी सोय, स्पीड, ड्यूक आणि एनएसला आहे. गुरिल्ला आणि इंटरसेप्टरला नाही. मातीने माखलेल्या वळणमार्गावर आणि डांबरावर सांडलेल्या डिझेलवर ही सोय एकदा जरी उपयोगी पडली तरी तिची किंमत वसूल झाली. शिवाय पेणच्या बाजूला खाडीची खारी हवा आहे, धाटावकडे रसायनांचे कारखाने. नेकेड गाडीचा रेडिएटर, नटबोल्ट, चेन सगळं उघडं. पावसाळ्यात दर तीन-चारशे किलोमीटरला चेन धुऊन तेल द्यायची तयारी नसेल तर यातली कुठलीही गाडी घेऊ नका. चेन-स्प्रॉकेटचा संच त्या आळसापेक्षा बराच महाग पडतो.

आता सर्व्हिसचं. स्पीड 400 ची पहिली सर्व्हिस झाली की पुढची 16,000 किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा. महिन्याला 2,000 किलोमीटर जाणाऱ्याला म्हणजे आठ महिन्यांनी एकदा. ज्या गाडीला दर 5,000 किलोमीटरला न्यावं लागतं, तिला तोच माणूस अडीच महिन्यांनी नेणार. सर्व्हिस सेंटर गावात असेल तर हा फरक किरकोळ आहे. ते पनवेलला असेल तर रोहेकराची एका बाजूची पाऊणशे किलोमीटरची रपेट, पुन्हा आणायला तेवढीच आणि कामाचे दोन दिवस बुडणं हे सगळं बिलात धरायला हवं. म्हणून गाडी ठरवण्याआधी त्या कंपनीचं जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे, तिथे सुटे भाग साठ्यात असतात का आणि अपघातानंतर हँडल, इंडिकेटर, रेडिएटर यांना किती दिवस लागतात, हे तिथल्याच ग्राहकांना उभ्या उभ्या विचारा. स्पीड आणि ड्यूक दोन्ही पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात, आणि पल्सरच्या इंजिनाचं मूळ केटीएमच्या जुन्या 390 मध्ये आहे. पण कारखान्यातलं हे नातं काउंटरवर चालत नाही. ट्रायम्फची गाडी पल्सरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घेतील, असं गृहीत धरू नका.

माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप कराचा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, आणि त्यावरच्या गाड्यांचा सेससकट 31 टक्क्यांवरून 40 वर गेला. करापूर्वी दोन लाखांची गाडी घेतली तर रेषेच्या अलीकडे ती 2 लाख 36 हजारांना पडते, पलीकडे 2 लाख 80 हजारांना. विम्यातही तीच रेषा आहे. 2022 च्या जूनपासून लागू झालेल्या दरांत नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता 150 ते 350 सीसीला 7,365 रुपये आणि 350 च्या वर 15,117 रुपये आहे. मग 400 चा आग्रह कशाला? टीव्हीएस अपाचे आरटीआर 310 ही 312 सीसीची नेकेड गाडी रेषेच्या अलीकडे राहून 35 पीएसच्या पुढे ताकद देते, वजनही 169 किलोच. हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. जो बहुतेक वेळा एकटाच जातो, ज्याला वरच्या फेऱ्यांवर गाडी ठेवायचा कंटाळा नाही, त्याने अपाचे गंभीरपणे बघावी. फक्त तिचा टॉर्क 29 न्यूटन-मीटरच्याही आत आहे आणि तोही साडेसहा हजारांच्या पुढे मिळतो. डबलसीट आणि सामान घेऊन रोज जाणाऱ्याला तिथे आठ-दहा न्यूटन-मीटरची उणीव सतत जाणवेल. याच रेषेच्या अलीकडची रॉयल एनफिल्ड हंटर 350 टॉर्कला बरी, पण 20 पीएसच्या गाडीकडे 80 च्या पुढे फारसा दम उरत नाही. तेव्हा करातली बचत बघताना ऑन-रोड आकडे शेजारी ठेवून बघा. कंपन्या कराचा बोजा कधी पूर्ण ग्राहकावर टाकतात, कधी स्वतः उचलतात, आणि त्यामुळे टक्क्यांचा फरक किमतीत जसाच्या तसा उतरतोच असं नाही. गाडीच्या नावातल्या आकड्यावरही जाऊ नका. पल्सरच्या नावात 400 असतानाही इंजिन 373 चं होतं. बुक करण्याआधी सीसीचा आकडा कोटेशनवर लिहून घ्या. पेणच्या आरटीओत एमएच-06 चा क्रमांक मिळताना कर, विमा सगळं त्याच आकड्यावर ठरतं.

दुसरा आक्षेप जुन्या गाडीचा. नव्या 400 च्या पैशांत चार-पाच वर्षं वापरलेली 650 मिळते, मग का सोडावी? कारण विकत घेताना किंमत उतरते तशी टायरची, ब्रेकपॅडची, क्लचप्लेटची किंमत उतरत नाही. शिवाय एप्रिल 2023 च्या आधी बनलेल्या बऱ्याच गाड्या 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल गृहीत धरून बनवलेल्या नाहीत, आणि आता पंपावर तेच मिळतं. जुनीच घ्यायची असेल तर बनावटीचा महिना आरसी बुकात बघून, ई20 ला चालते असं कंपनीचं लेखी मत असलेलीच घ्या.

तिसरा म्हणजे, रस्ता इतका वाईट असेल तर नेकेड तरी का, उंच चाकांची स्क्रॅम्बलर किंवा हिमालयन का नको? ज्याचं गाव मुख्य रस्त्यापासून आत आहे, ज्याला शेवटचे चार-पाच किलोमीटर रोज कच्च्या वाटेनं जायचं आहे, त्याच्यासाठी हा सल्ला मला पटतो. ट्रायम्फचीच स्क्रॅम्बलर 400 एक्स त्याच इंजिनावर 19 इंची पुढचं चाक आणि पुढे-मागे 150 मिलिमीटर ट्रॅव्हल देते. तिची सीट मात्र 835 मिलिमीटर उंच आहे, आणि साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला बाजारातल्या गर्दीत ती उंची नको होते.

तेव्हा बहुतेकांसाठी माझी निवड स्पीड 400: टॉर्क पुरेसा, शॉकअप मऊ, सर्व्हिस लांब अंतराने, आणि ट्रॅक्शन कंट्रोल हाताशी. पैसे वाचवायचे असतील आणि बजाजचं सर्व्हिस सेंटर दाराशी असेल तर एनएस400झेड. ती 1 लाख 85 हजारांना आली तेव्हा या ताकदीची दुसरी गाडी त्या किमतीत नव्हतीच. रोज मागे कोणी बसणार असेल किंवा उंची कमी असेल तर गुरिल्ला. ड्यूक या सगळ्यांत सर्वांत हलकी, सर्वांत चपळ. सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी घाटात जाणाऱ्याने ती घ्यावी, पण रोजच्या चाळीस किलोमीटरांत तिचे वरचे सहा पीएस क्वचितच कामाला येतील.

टेस्ट राइड शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊन थांबू नका. दुपारच्या उन्हात घ्या, म्हणजे रेडिएटरचा पंखा चालू झाल्यावर गरम हवा पायावर कुठे येते ते कळेल. रोज जी व्यक्ती मागे बसणार आहे तिला सोबत न्या आणि उतरल्यावर आधी तिचं मत घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ताशी 30 वर आणा, क्लचला हात न लावता थ्रॉटल हळूहळू उघडा. हिसके न देता ती 60 पर्यंत गेली तर ट्रेलरच्या मागून निघताना तुम्हाला दर वेळी गिअर शोधावा लागणार नाही. मग एखादा ओळखीचा खड्डा गाठा आणि तो न चुकवता, तुमच्या नेहमीच्या वेगाने, त्यावरून जा.